वजन वाढलं, झोपेचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फर्मान काढलं की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याच्या दोन महिने आधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचं जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. निर्णयावर व्हायची ती ओरड झाली. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी जागेचं गणित मांडलं, व्हॅनवाल्या काकांनी फेऱ्यांचं, नोकरदार आईबापांनी डब्याचं आणि लोकलचं. या गदारोळात एक गोष्ट मात्र घडून गेली आणि मला तिचं मोल जास्त वाटतं. मुलांच्या झोपेत सरकारने लक्ष घालायला हवं, हे राज्याने कागदावर कबूल केलं.

मग हाच न्याय ज्यांची झोप शाळेच्या घंटेने मोडायच्या कितीतरी आधी, जन्माच्या दिवशीच मोडली, त्या मुलांना लावायला काय हरकत आहे?

माझा रोख फार लवकर जन्मलेल्या मुलांकडे आहे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतलं म्हणजे फारच लवकर आलेलं, आणि २८ च्या आतलं तर अगदी टोकाचं. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतपूर्व जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, म्हणजे जगात सर्वांत जास्त. यांतली बहुतेक ३२ आठवडे ओलांडलेली असतात. पण जगाचा हिशेब धरला तर साधारण १५ टक्के त्याच्या आतली. आपल्याकडे अजूनही घरोघरी ऐकू येतं की सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. याला काडीचा आधार नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच पडतो. तरी ही समजूत चिवट आहे, आणि सातमाशी जगलं की त्याचं एवढं कौतुक होतं की पुढचं काही विचारायचं राहूनच जातं.

ते ‘पुढचं’ म्हणजे काय? काचेच्या पेटीतलं बाळ बघायला आलेला पाहुणा विचारतो, वजन किती झालं? सकाळच्या फेरीला आलेले डॉक्टरही आधी तेच बघतात. त्यात चूक काही नाही. ९०० ग्रॅमच्या बाळाचा जीव रोज त्या काट्यावर तोलला जात असतो. मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोळ्यांचा पडदा तपासायचा, कारण कमी दिवसांच्या बाळांत तो खराब होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. कान तपासायचे, लसी द्यायच्या, डोक्याचा घेर मोजायचा. पाठपुराव्याची ही यादी डॉक्टर-परिचारिकांच्या दोन पिढ्यांनी घासूनपुसून तयार केली. तिच्यात झोप क्वचितच सापडते, आणि सापडली तर ‘बाळाला रात्री उबदार ठेवा’ एवढ्यापुरती. माझं म्हणणं असं की झोप त्या यादीत वजनाच्या शेजारी हवी. घरी जाताना दिलेला सल्ला म्हणून नको, उपचार म्हणून हवी.

हे अतिरेकी वाटत असेल तर पोटातलं बाळ त्या दिवसांत काय करतं ते आठवावं. ते बहुतेक वेळ झोपतं. २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान त्याच्या झोपेचे दोन प्रकार वेगवेगळे ओळखू यायला लागतात, एक शांत आणि एक चळवळ्या. चळवळ्या झोपेत पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ मुडपतात, मधूनच हसू फुटतं, बोटं दचकल्यासारखी हलतात. जन्मलेलं बाळ असं करायला लागलं की आजी म्हणते सटवाई खेळवतेय. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि या दचकण्याचा अर्थ लावला. झोपेत पाय किंचित झटकला जातो, त्याची खबर मेंदूला पोचते, आणि अशा हजारो खबरांवरून मेंदू आपल्याच शरीराचा नकाशा काढत जातो. म्हणजे बाहेरून निवांत दिसणारं ते बाळ कामात असतं. पोटातल्या याच शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूचा जवळजवळ गुळगुळीत पृष्ठभाग घड्या पडून अक्रोडासारखा होतो. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन त्याला आईच्या रक्तातून, नाळेवाटे मिळत असतं. स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ अजून सुरू व्हायचं असतं.

२८ व्या आठवड्याला बाळ जन्मलं की नाळ तुटते आणि ती वर्दीही तुटते. मेंदूचं काम मात्र थांबत नाही. ते आता ट्यूबलाइटखाली, मॉनिटरच्या टिवटिवाटात, दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी हात लावत असताना करायचं असतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये सांगितलं की नवजात अतिदक्षता कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. साधं बोलणं ६० च्या घरात जातं, यावरून ही अट किती कडक आहे ते कळेल. जगातल्या चांगल्या चांगल्या कक्षांना ती पाळता येत नाही. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष, डोळ्यांपुढे आणा. बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या जागेत कधीकधी दोन बाळं, प्रत्येकाच्या यंत्राची वेगळी घंटी, पेटीच्या झडपा लावल्याचा आवाज, पेटीच्या डोक्यावर ठेवलेला स्टीलचा ट्रे, सिस्टरच्या टेबलावरचा फोन, काविळीच्या बाळाला लावलेला निळा दिवा, आणि बाहेरून दारावर थापा मारणारे नातेवाईक. दोन-दोन, तीन-तीन तासांनी दूध; मधे रक्त काढायचं, मधे सुई बदलायची, मधे लंगोट. यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे. पण ती सगळी कामं एकत्र बांधून करता येतात, म्हणजे बाळाला एकदाच उठवायचं आणि मग तास-दीड तास कोणी हात लावायचा नाही. ट्रे पेटीवर न ठेवता बाजूला ठेवता येतो. पेटीवर जाड चादर टाकता येते. मोबाइल मुका करता येतो. रात्री दहा ते पहाटे पाच दिवे मंद करता येतात, ज्या बाळाकडे जायचं तेवढाच दिवा लावायचा.

दिवे मंद करण्याचा उपयोग होतो का, हे १९८६ सालीच तपासून झालंय. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा, पण नीट चिठ्ठ्या टाकून, गट पाडून केलेला अभ्यास आला. ४१ मुदतपूर्व बाळांपैकी काहींना रात्री दिवे आणि आवाज कमी केलेल्या खोलीत ठेवलं, बाकीच्यांना नेहमीच्या, चोवीस तास सारख्याच उजेडाच्या खोलीत. फरक रुग्णालयात दिसला नाही. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी दिसला: रात्र अनुभवलेली बाळं दिवसाकाठी दोनेक तास जास्त झोपत होती आणि त्यांचं वजनही जास्त भरत होतं. पुढच्या अभ्यासांनी सगळेच निष्कर्ष सारखे दिले नाहीत, आणि पाहणी लहान होती हे खरंच. पण ज्या काट्याची आपण एवढी काळजी करतो त्याच काट्यावर झोपेचा परिणाम दिसला होता, आणि खर्च होता दिव्याच्या बटणापुरता. या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. आपल्या किती कक्षांत रात्र होते?

बटणापेक्षा मोठी गोष्ट आहे आईच्या छातीची. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सानाब्रिया यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली. आज आपण तिला कांगारू मातृसेवा म्हणतो. आपल्याकडे ती शिकवली जाते, भिंतीवर चित्रं लावलेली असतात, आणि तरी ती बाळ ‘स्थिर’ झाल्यावर, दिवसाचा तास-दोन तास, जमेल तशी होते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत प्रयोग करून पाहिलं की १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईशी बांधलं तर काय होतं. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. २०२१ मध्ये निकाल आले: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. फायदा इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यासाठी आईची खाट आत, बाळाच्या कक्षातच हलवावी लागली, आणि माझ्या मते प्रयोगाचं खरं मर्म तिथे आहे.

झोपेचा संबंध? इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी रोज एक तास, चौदा दिवस आईच्या छातीवर राहिलेल्या बाळांचा आणि तशाच प्रकृतीच्या पण पेटीतच राहिलेल्या बाळांचा दहा वर्षं माग काढला. दहाव्या वर्षी छातीवर राहिलेल्या मुलांची झोप जास्त सुसूत्र होती, ताणाला शरीर जास्त शांतपणे तोंड देत होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे फार ताणू नये. पण चौदा तासांचा स्पर्श आणि दहा वर्षांनंतरची झोप, हे एकत्र वाचलं की एसएनसीयूच्या दाराबाहेर, मार्गिकेत, सतरंजीवर बसलेली बाळंतीण आठवते. तिला ठरावीक वेळेलाच आत सोडतात, दूध काढून द्यायला सांगतात, आणि ‘तुम्ही आराम करा’ म्हणतात. कुठे करायचा आराम? तिची स्वतःची झोपही कुणाच्या तक्त्यात नसते. आई आणि बाळ एकत्र राहतील असे कक्ष हवेत हे केंद्राच्या धोरणात आता आलंय. जिल्ह्याजिल्ह्यांत ते किती वेगाने उभे राहतात यावर सगळं आहे. संसर्गाची भीती दाखवून आईला बाहेर ठेवण्याची जुनी सवय त्या वेगाच्या आड येणार हे दिसतंय.

आता घरी येऊ. इथली गोष्ट मला कक्षापेक्षाही गुंतागुंतीची वाटते, कारण इथे कोणी निष्काळजी नसतं, उलट काळजीचा पूर असतो.

दीड-दोन महिने उजेडात आणि गोंगाटात राहिलेलं बाळ शांत, अंधाऱ्या खोलीत आणलं की कावरंबावरं होतं. दिवसरात्र उलटी झालेली असते. घरचे वय मोजतात जन्मतारखेपासून, आणि शेजारच्या बाळाशी ताडून बघतात. खरं तर २८ व्या आठवड्याला जन्मलेलं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी झोपेच्या हिशेबाने नुकतं जन्मलेलं असतं. ज्या दिवशी ते यायला हवं होतं तिथून मोजायचं, याला डॉक्टर सुधारित वय म्हणतात. हे एवढं जरी आईला कोणी नीट समजावलं तरी अर्ध्या रात्री सुसह्य होतील. ते न समजावल्यामुळे मग उपाय सुरू होतात. दृष्ट काढतात, तिने नुकसान नाही. मिरच्यांचा ठसका लागणार नाही एवढं बघावं. पण ओवा-वावडिंगाची धुरी ज्या फुप्फुसांनी आठवडेच्या आठवडे ऑक्सिजनवर काढलेत त्यांना झेपत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. मान न धरलेल्या बाळाची हनुवटी उशीमुळे छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. झोळीतही तेच. आणि सगळ्यात चिंता वाटते ती जायफळाची. रात्रभर रडणाऱ्या बाळाला जायफळाचे दोन वळसे उगाळून चाटवणं हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्याला कोणी औषध समजतच नाही. ज्याचा श्वास झोपेत मधेच थांबायचा म्हणून त्याला रुग्णालयात कॅफिन द्यावं लागत होतं, त्यालाच घरी गुंगीची वस्तू चाटवायची! सर्दीच्या बाटलीतल्या गुंगीच्या औषधाचंही तसंच. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये दिलाय.

झोपवायचं कसं, यातही एक घोळ आहे. कक्षात बाळाला पालथं ठेवलेलं आईने पाहिलेलं असतं, कारण तसं ठेवलं की कमी दिवसांच्या बाळाला श्वास सोपा जातो. आणि तिथे मॉनिटर लावलेला असतो. घरी मॉनिटर नसतो. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका या बाळांना वेळेवर जन्मलेल्यांपेक्षा जास्त असतो, आणि पालथं झोपवण्याने तो वाढतो. म्हणून घरी उताणंच, सपाट आणि कडक अंथरुणावर, उशीशिवाय. घरी जायच्या काही दिवस आधीच कक्षात त्याला उताणं झोपायची सवय लावली आणि ‘आता का बदललं’ ते आईला सांगितलं तर गोंधळ होत नाही. एका खोलीच्या घरात वेगळा पाळणा, वेगळी खोली असलं परदेशी पुस्तकातलं सांगण्यात अर्थ नाही. आईच्या हाताच्या अंतरावर, वेगळ्या गोधडीवर, आणि त्या खोलीत विडी-सिगारेट नाही, हे मात्र सांगता येतं आणि पाळताही येतं.

मूल चालायला लागलं, बोलायला लागलं की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. पाठपुरावा थांबतो. आणि नेमकं इथून पुढचं झोपेचं नातं आपल्या हिशेबातच नसतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या साडेआठशे मुलांची झोपेतली श्वासाची तपासणी झाली. निष्कर्ष २००३ मध्ये आले. मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांत झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण तीन ते पाच पट होतं. कॅफिनच्या उपचाराचा जो मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला, त्यातल्या सुमारे दोनशे मुलांना पाच ते बारा वर्षांच्या वयात रात्रभर यंत्र लावून तपासलं. त्यांना कॅफिन दिलेलं असो वा नसो, साधारण चौथा हिस्सा मुलांत झोपेत श्वास अडत तरी होता किंवा त्यासाठी टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) आधीच काढावे तरी लागले होते. झोपेत पाय झटकण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. कॅफिनने पुढची झोप बिघडत नाही, ही त्यातली दिलाशाची बाजू. नॉर्वेत १९९९-२००० मध्ये टोकाच्या मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांच्या अकराव्या वर्षी पालकांनी झोपेच्या जास्त तक्रारी सांगितल्या. हेलसिंकीत दीड किलोच्या आत जन्मलेली मुलं तरुण झाल्यावरही त्यांच्यात झोपेतल्या श्वासाचे त्रास दुपटीच्या आसपास होते.

आपल्याकडे मूल घोरलं की ‘अगदी आजोबांवर गेलाय’ म्हणून हसतात. पण लहान मुलाचं रोजचं घोरणं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, आणि कमी दिवसांच्या मुलाचं तर मुळीच नाही. अपुरी झोप झालेला मोठा माणूस पेंगतो. मूल पेंगत नाही, ते नाचतं. वर्गात एका जागी बसत नाही, पाटी पुरी करत नाही, चिडतं. बाई वहीत शेरा लिहितात: लक्ष नाही, वात्रट आहे. फार लवकर जन्मलेल्या मुलांत लक्ष न लागण्याचा त्रास मुळातच दोन-तीन पट जास्त, त्यामुळे डॉक्टरही सरळ त्याच निदानाकडे जाऊ शकतात. ते बरोबरही असेल. पण ‘रात्री घोरतो का’ हा प्रश्न त्याआधी यायला हवा, कारण त्याचं उत्तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे असू शकतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवरच्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढल्यावर लक्षाच्या चाचणीतले गुण काही वाढले नाहीत, हे सांगायलाच हवं. वागणं, झोपेच्या तक्रारी आणि एकूण सुख मात्र चांगलंच सुधारलं. घरच्यांना चाचणीच्या गुणांपेक्षा हेच हवं असतं.

पाय झटकण्याचं तर अजून सोपं असू शकतं. शरीरातला लोहाचा साठा कमी असला की झोपेत पाय झटकणं आणि अस्वस्थपणा वाढतो. बाळ हा साठा पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत करतं, म्हणजे नेमके जे महिने या मुलांना मिळाले नाहीत. म्हणून त्यांना लोहाचे थेंब महिनोन्‌महिने द्यायचे असतात. त्यांनी दातांना डाग पडतात, शौचाला काळं होतं, म्हणून ते घरी मधेच बंद होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्यांत कमी दिवसांची मुलं कुठे उभी असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल. झोपेचा त्रास सांगणाऱ्या अशा मुलाला झोपेची गोळी लिहिण्याआधी त्याचं लोह तपासायला हवं.

जाता जाता: मुदतपूर्व जन्मलेली मुलं मोठेपणीही लवकर झोपतात आणि लवकर उठतात, असं फिनलंडच्या आणि अमेरिकेच्या अभ्यासांत दिसलंय. नऊच्या शाळेचा त्यांना फारसा उपयोग नाही. त्यांना हवं आहे ते संध्याकाळी लवकर शांत होणारं घर, आणि मालिकांच्या वेळापत्रकात ते आणणं सरकारी आदेशाहून अवघड आहे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत. पहिला असा की झोप बिघडल्यामुळे मेंदूचं नुकसान होतं की आधीच इजा झालेल्या मेंदूमुळे झोप बिघडते? बहुतेक अभ्यासांतून हे वेगळं काढता येत नाही. कबूल. पण घोरण्यावर, लोहावर, रात्रीच्या दिव्यावर उपाय करायला हे कोडं सुटायची वाट बघावी लागत नाही. दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ परिचारिकेच्या तोंडून ऐकला होता: ‘इथे चार बाळांना एक सिस्टर, आणि तुम्ही झोपेचं काय घेऊन बसलात?’ याला माझ्याकडे टाळीचं उत्तर नाही. माणसं वाढवल्याशिवाय कामं एकत्र बांधता येत नाहीत हे खरंच आहे. तरी आई आत असली की बाळाकडे बघणारे दोन हात वाढतात, हे सफदरजंगनेच दाखवलंय. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आधीच धास्तावलेल्या आईला आता झोपेचीही धास्ती लावायची का? पुष्कळशी सातमाशी मुलं अगदी छान झोपतात. उगाच घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजणारी आई तयार करणं हा काही उपचार नव्हे. म्हणूनच प्रश्न विचारायची जबाबदारी तिच्यावर टाकू नये, यंत्रणेने घ्यावी.

ती यंत्रणा आपल्याकडे आहे, आणि अभिमानाने सांगावं असं की तिचा बराच भाग महाराष्ट्रात घडलाय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये जगापुढे ठेवलं. आशा सेविकेच्या घरभेटी त्यातूनच देशभर गेल्या. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा अठरा वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा केला. सरासरी बुद्ध्यंक सर्वसामान्य कक्षेत, पण वेळेवर जन्मलेल्यांपेक्षा कमी. लिखाणात आणि गणितात अडचणी. हे आपल्याच मुलांबद्दल आपल्याच डॉक्टरांनी शोधलं. तसाच लांबचा पाठपुरावा आता झोपेचा हवा, कारण क्लीव्हलंड आणि नॉर्वेचे आकडे आपल्या एका खोलीत पाच माणसं झोपणाऱ्या घरांना जसेच्या तसे लागू होतील असं मानायचं कारण नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरातून. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, वजन-उंची घेतात, दात-डोळे-कान बघतात. एसएनसीयूतून घरी गेलेल्या मुलाच्या कागदावर तीन ओळी वाढवायला काय लागतं? रात्री रोज घोरतो का, झोपेत पाय झटकतो किंवा वारंवार उठतो का, झोपायला औषध अथवा जायफळ देता का. उत्तर हो आलं की जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, जिथे कान-नाक-घसा बघणारा डॉक्टर आणि लोहाची तपासणी आहे.

आणि रजा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातली रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. मुदतपूर्व जन्मासाठी त्यात जास्तीचा एक महिना ठेवला गेला, तोही त्या जन्मामुळे आईला आजारपण आलं तर. बाळ दोन महिने पेटीत होतं, या कारणासाठी नाही. म्हणजे बाळ घरी येऊन दिवसरात्र शिकायला लागतं तोवर आईची रजा बरीचशी रुग्णालयाच्या मार्गिकेत संपलेली असते. ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा करून एप्रिल २०२५ पासून अशा आईबापांना, दोघांनाही, जास्तीत जास्त १२ आठवड्यांची वेगळी रजा दिली. आपल्याकडे ही मागणी नोकरदार बायकांपुरती राहील याची मला जाणीव आहे. कोयत्याची उचल घेऊन उसाच्या फडावर गेलेल्या बाईला कुठलीच रजा नाही. ती बाळ काचेच्या पेटीत ठेवून परत तोडीला जाते, आणि तिच्यासाठी आईची खाट कक्षात असण्याइतकीच तिची बुडालेली रोजी भरून देणं ही कांगारू सेवेची पहिली अट आहे.

राहिल्या आशाताई. माझ्या तीन ओळींचा बोजा शेवटी त्यांच्याच पिशवीत पडणार. नवजात बाळाच्या घरभेटींची पूर्ण मालिका केली की २५० रुपये, आणि पुढच्या लहान मुलाच्या एका भेटीला ५० रुपये, असे दर ठरवले गेले होते. नवी नोंद वाढवताना तिच्यासाठी वेगळा मोबदला आणि एक दिवसाचं प्रशिक्षण त्याच आदेशात लिहिलेलं असावं. नसेल, तर रकाने कसे भरले जातात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: महिनाअखेरीला, एका बैठकीत, सगळ्या घरांसाठी ‘नाही’.